पाकिटाची पाठ

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात
माझं दुकान. चौगुले जनरल. एकतीस वर्षं.
एवढ्या वर्षांत पाकिटावरची एकच खूण बघत आलो:
हिरवा ठिपका.
ठिपका हिरवा, की माल फळीवर.

एका संध्याकाळी मुजावरांची रिहाना आली.
सोबत मिस्बाह, वय आठ, मनगटं पेन्सिलीएवढी.
मी बरणीत हात घातला, लेकरू आहे, एक गोळी देऊ म्हणून.
"बरणीतलं नको, काका."

माझ्या बरण्या! रोज पुसतो मी.
लिमलेट, जिरागोळी, आवळा सुपारी,
ओळीनं उभ्या, तोंड दिसेल इतक्या लख्ख.
"स्वच्छ आहेत हो. पण चमचा एकच ना?
आत्ता त्यानंच तुम्ही शंकरपाळी काढली."

राग आला. खोटं कशाला बोलू.
गव्हाच्या चिमूटभर चुऱ्यानं पोरगी आठवडाभर आडवी?
आमची पोरं तर माती खाऊन मोठी झाली.

ती स्टुलावर बसली आणि पाकिटं पालथी घालून वाचत गेली,
बोट ठेवून, निकाल वाचावा तशी.
मैदा. बाजूला.
माल्ट. बाजूला. "माल्ट म्हणजे जवच, काका,
नाव बदलून आलेला."
एकावर काहीच नव्हतं, मी म्हटलं, घ्या की हे.
तर तळाशी, शिवणीच्या घडीत:
याच कारखान्यात गव्हाचे पदार्थही बनतात.
अकरातली दोन उरली. एक संत्र्याची, एक आल्याची.
आल्याची मिस्बाहला आवडत नाही.

त्या दिवशीही दिवस मावळायच्या आत जेवलो, नेहमीसारखा.
मी कांदा खात नाही, बटाटा नाही,
चातुर्मासात रात्री पाण्याचा घोट नाही.
लग्नात पंगतीला बसलो की आधी विचारतो,
कढई वेगळी होती का?
कुणी हसलं तर ताटावरून उठलोय मी.
पण माझं ते व्रत. मोडलं तर प्रायश्चित्त आहे.
तिचं मोडलं तर आतडं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनरोडवरून भिंग आणलं. चाळीस रुपये.
संत्र्याच्या पाकिटांना एक खिळा वेगळा ठोकला,
शंकरपाळीच्या डब्यापासून लांब, कॅलेंडरखाली.

सव्वीस जानेवारीला ती एकटीच आली,
छातीवर टाचणीनं कागदी झेंडा.
काउंटरवर मूठ उघडली: सात चॉकलेटं, शाळेतली.
"बदलून द्या."
मी भिंग काढलं. कागदावर नुसतं नाव आणि एक गाय.
"सुट्या गोळीवर काही लिहीतच नाहीत," ती म्हणाली,
"आणि माहीत नाही म्हणजे नाही."
सातचा पाढा म्हणावा तसं. रडबिड काही नाही.
मी सात मोजून दिल्या, पाकीट तिच्यासमोर फोडून.
तिनं परत मोजल्या.

मग ऑगस्टात नवा माल आला.
तेच संत्रं, तोच रंग, कोपऱ्यात फक्त एक चांदणी: नवी चव!
दीड वर्षाची सवय. हात आपोआप खिळ्याकडं गेला.
का कुणास ठाऊक, पाकीट उलटं केलं.
चौथ्या ओळीत, मुंगीच्या पायाएवढं:
माल्ट अर्क.

तळहाताला घाम फुटला.
पोचवणाऱ्या पोराला मी काय काय बोललो, त्याचा काय दोष.

शाळा सुटल्यावर ती आली.
रिकाम्या खिळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
मी पाकीट आणि भिंग पुढं केलं.
तिनं स्वतः वाचलं, ओठ हलवत. मान डोलावली.
मग तेच भिंग माझ्या अंगठ्यावर धरलं,
एक डोळा मिटून, बराच वेळ.

"काका, नखात शंकरपाळी आहे."

मी मोरीवर जाऊन हात धुतले. साबणानं, दोनदा.
ती थांबली होती.
आल्याचं तर आल्याचं, म्हणाली, पण पाठ परत वाचू.